दहा ट्रक मिरची, एक तार

शंभर टन सुकी लाल मिरची घ्या. दहा टनी ट्रक धरले तर दहा ट्रक भरतील. या सगळ्या मिरचीत मिळून फक्त एक ग्रॅम कीटकनाशक आहे असं समजा, आणि तेही एका जागी नाही, प्रत्येक मिरचीवर सारखं पसरलेलं. आता ते शोधा. नुसतं ‘आहे’ म्हणून भागणार नाही. कोणतं आहे आणि किती आहे, तेही सांगायचं.

चेष्टा वाटते ना? पण किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे नेमकं एवढंच प्रमाण. एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर युरोपीय संघात हीच सरसकट मर्यादा लागू होते. आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळा एवढं बारीक काम रोजच्या रोज करतात. दहा ट्रक चाळत नाहीत. नमुन्याच्या अर्काचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, त्यांना पुरतो.

या कामाच्या मुळाशी काय असतं? काही मिलिमीटर लांबीची, केसापेक्षा थोडी जाड अशी एक तापलेली तार. तिला म्हणतात फिलामेंट. ती तुटली की लाखो रुपयांचं यंत्र जागच्या जागी मुकं होतं. गंमत अशी, की ती का तुटली हे शोधायला लागलं की यंत्र कसं चालतं ते सगळं उलगडत जातं. म्हणून आज या तारेच्या दुखण्यांबद्दलच बोलू.

आधी मिरची कुठून आली ते पाहू. ऑक्टोबरच्या सुमारास नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. देशातल्या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठांची नावं निघाली, की गुंटूरच्या पाठोपाठ नंदुरबारचं नाव येतं. व्यापारी ही मिरची घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर वाळत घालतात. याच त्या मिरचीच्या पथाऱ्या. तोंडाला रुमाल बांधून बायका ओळीने बसलेल्या असतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडत असतात. रस्त्याने जाणाऱ्याला गाडीची काच वर करेपर्यंत ठसका लागलेला असतो. मधेच अवकाळी पाऊस आला, तर अख्ख्या पथारीवरचा माल काळा पडायची भीती.

ही मिरची शेतात असताना तिच्यावर फुलकिडे येतात, पांढरी माशी येते, कोळी येतात. पानं आकसतात, वळतात, चुरडा-मुरडा होतो. शेतकरी काय करणार? फवारणी. फवारलेलं औषध ऊन-पावसात बरंचसं विरून जातं, पण थोडं उरतं. पुढे पथारीवर पाणी उडून जातं आणि उरलेलं औषध कमी वजनात गोळा होतं, कारण किलोभर सुक्या मिरचीसाठी कित्येक किलो ओली मिरची लागते. त्यामुळे सुक्या मिरचीची तपासणी जास्त कडक वाटली, तर त्यात नवल नाही.

प्रयोगशाळेत मिरची दळतात, अ‍ॅसिटोनायट्राइल नावाच्या द्रावकात मीठ घालून जोरात घुसळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचा अर्क काढून घेतात. २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘क्वेचर्स’ नावाची ही पद्धत आता जगभर चालते. तो अर्क जातो गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये. तिथे केसाएवढ्या पोकळीची, साधारण तीस मीटर लांबीची काचेची नळी गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवलेली असते. तिलाच कॉलम म्हणतात. तिच्यातून हेलियम वाहत असतो. ओव्हनचं तापमान चढत जातं तसे हलके पदार्थ आधी आणि जड पदार्थ मागून, एकेक करून पलीकडे बाहेर पडतात. पलीकडे असतं मास स्पेक्ट्रोमीटर. मराठीत वस्तुमान-वर्णपटमापी. प्रयोगशाळेत मात्र कुणी एवढं लांब बोलत नाही, दोन्ही यंत्रांना मिळून सगळे म्हणतात जीसी-एमएस.

आता खरी अडचण सुरू होते. एका रेणूचं वजन करायचं कसं? कोणत्या तराजूत ठेवणार? रेणूला ना वीजभार, ना कुठे पकडायला जागा. त्याला ओढता येत नाही, वळवता येत नाही. म्हणून आधी त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन उडवून द्यायचा. इलेक्ट्रॉन गेला की रेणू धनभारित होतो, आणि भारित कणाला विद्युतक्षेत्राने हवं तिकडे नेता येतं. किती वळला, किती थरथरला, यावरून त्याचं वजन कळतं. शिकागोत आर्थर डेम्प्स्टरने १९१८ मध्ये इलेक्ट्रॉनचा मारा करून असे आयन बनवणारं यंत्र उभं केलं. पाठोपाठ १९१९ मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अ‍ॅस्टनचं यंत्र आलं आणि १९२२ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मारा करायला इलेक्ट्रॉन आणायचे कुठून? तापलेल्या तारेतून. टंगस्टन किंवा ऱ्हेनियमच्या तारेतून काही अँपिअर प्रवाह सोडला की ती दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. एवढ्या उष्णतेत धातूतले काही इलेक्ट्रॉन अक्षरशः उकळून बाहेर पडतात. एडिसनला याची चाहूल १८८० च्या दशकात आपल्याच दिव्यांत लागली होती. पण किती तापमानाला किती इलेक्ट्रॉन निघतील, याचं गणित ओवेन रिचर्डसनने मांडलं. त्यासाठी त्याला १९२८ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तापमान थोडं वाढलं तरी इलेक्ट्रॉनची संख्या भराभर चढते, असं ते गणित सांगतं. म्हणून या तारेशी फार जपून वागावं लागतं.

बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह असतो साधारण शंभर मायक्रोअँपिअर. मोबाइलच्या चार्जरपुढे काहीच नाही. पण मोजून पाहा: सेकंदाला सहावर चौदा शून्यं, एवढे इलेक्ट्रॉन! आणि इतक्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यातही हजारो रेणूंमागे एखाद्याच रेणूला धक्का लागतो. बाकीचे सगळे तसेच पंपातून बाहेर. दहा ट्रकांतला एक ग्रॅम शोधणारं यंत्र हातात आलेल्यातलं बहुतेक सगळं फेकून देतं आणि तरी त्याला उत्तर सापडतं. हे मला आजही पटकन पचत नाही.

हे इलेक्ट्रॉन कुठल्याही वेगाने धावत नाहीत. त्यांना सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा दिलेली असते. सत्तरच का? एवढ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण ०.१५ नॅनोमीटर असते, आणि दोन कार्बन अणूंमधल्या बंधाची लांबीही जवळपास तेवढीच! शिवाय या टप्प्यावर ऊर्जा थोडी इकडेतिकडे झाली तरी परिणाम फारसा बदलत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी सत्तर हाच आकडा धरला आणि एक अफाट संग्रह उभा राहिला. कोणता रेणू सत्तर व्होल्टला कसा फुटतो, याचे लाखो नमुने त्यात आहेत.

हो, रेणू फुटतो. नुसता एक इलेक्ट्रॉन गमावून तो शांत बसत नाही. मडकं जमिनीवर आपटलं तर दरवेळी वेगळ्या खापऱ्या होतात. रेणू मात्र आपल्या कमकुवत जागीच फुटतो, आणि असे असंख्य रेणू फुटले की तुकड्यांचं प्रमाण दरवेळी तेच येतं. पडद्यावर प्रत्येक वजनाच्या तुकड्याची एक रेघ उभी राहते, तुकडे जितके जास्त तितकी ती उंच. क्लोरपायरिफॉस घ्या. भाजीपाल्यापासून मिरचीपर्यंत सगळीकडे वापरलं गेलेलं औषध. त्याचा रेणू एक क्लोरीन अणू झटकतो तेव्हा ३१४ वजनाचा तुकडा मिळतो. तो तुकडा पुढे २८-२८ चे दोन कपचे टाकून २५८ वर येतो. आणखी एक तुकडा १९७ ला दिसतो आणि त्याच्या शेजारी, जवळपास तेवढ्याच उंचीचा, १९९. हे जुळं का? निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा मिळतो, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. त्या तुकड्यात तीन क्लोरीन आहेत. गणित मांडलं की १९७ आणि १९९ यांची उंची सारखी निघते. म्हणजे या दोन रेघा शेजारी शेजारी दिसल्या, की रेणूने आपल्या खिशात तीन क्लोरीन असल्याचं सांगूनच टाकलं!

आणि त्याच चित्रात मिरचीचं स्वतःचंही नाव असतं. तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचं वजन ३०५ आणि त्याचा सगळ्यात ठळक तुकडा १३७. पथारीवर ठसका लावणारा तोच हा पदार्थ, इथे एक रेघ होऊन उभा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दोन हजार अंशांना तापलेली टंगस्टनची तार हवेत धरली तर क्षणात जळून जाईल. म्हणून हे सगळं निर्वातात चालतं. साधारण १० चा उणे पाचवा घात टॉर एवढा दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे साडेसात कोटीपट विरळ. आपल्या आसपासच्या हवेत एक रेणू दुसऱ्याला न धडकता मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही जात नाही. इथे तो सरासरी पाच मीटर सरळ जाऊ शकतो, आणि यंत्राची पेटी तर हातभरच लांब! एवढं रितेपण आणायला टर्बो पंप लागतो. त्याची पाती मिनिटाला हजारोंनी फेरे घेतात. रेणू ज्या वेगाने पळतात त्याच्या पंक्तीला पात्यांच्या टोकांचा वेग जाऊन बसतो. पाती जणू एकेका रेणूला चापट मारून बाहेर काढतात.

आणि तरीही फिलामेंट जाते. सकाळी यंत्र ट्यून करायला, म्हणजे जुळवून घ्यायला बसावं तर पडद्यावर चूक झळकते: एमिशन नाही, म्हणजे तारेतून इलेक्ट्रॉनच निघत नाहीत. लगेच कपाटातून नवी फिलामेंट काढून बसवावी, असा मोह होतो. बसवताही येते, दोन स्क्रूंचंच काम आहे. पण मुरलेला माणूस तसं करत नाही. जुनी का गेली हे कळलं नाही तर नवीही जाणारच, हे त्याला ठाऊक असतं. माझ्या मते या धंद्यातलं नव्वद टक्के शहाणपण एवढंच आहे. तार मेली हा रोग नसतो, तो रोगाचा पुरावा असतो.

पहिली गोष्ट: बऱ्याच यंत्रांत फिलामेंट दोन असतात. एक गेली तर प्रोग्राममध्ये दुसरी निवडायची. ही सोय काम अडू नये म्हणून असते, पण शोधाशोधीत ती सोन्याहून मोलाची ठरते. कारण दुसरी तार जिवंत असेतोवर यंत्र स्वतःलाच तपासू शकतं.

कसं? आत काय शिल्लक आहे ते त्यालाच विचारायचं. नमुना टाकायचा नाही, नुसतं आत पाहायचं. १८ वर रेघ दिसली तर ते पाणी. २८ वर नायट्रोजन, ३२ वर ऑक्सिजन, ४० वर आर्गॉन. बाहेरच्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के असतो. म्हणून २८ आणि ३२ च्या रेघा साधारण चारास एक या प्रमाणात दिसल्या की समजायचं, कुठूनतरी हवा आत येते आहे. नुसता २८ मोठा आणि ३२ जवळजवळ नाही? मग हवा नाही. बहुधा हेलियमच्या सिलिंडरमधूनच नायट्रोजन येतोय. कीटकनाशकांचे रेणू शोधणारं यंत्र स्वतःच्या अंगाला पडलेलं भोकही त्याच पद्धतीने शोधतं. हे पाहून पहिल्यांदा माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

भोक आहे हे कळलं, पण कुठे? इथली युक्ती भलतीच साधी आहे. संगणकाचा कीबोर्ड साफ करायचा धूळफुंकणीचा डबा मिळतो. त्यातल्या अनेक डब्यांत टेट्राफ्ल्युरोइथेन नावाचा वायू असतो. पडद्यावर ८३ आणि ६९ या दोन वजनांवर नजर ठेवायची, आणि एकेका जोडावर त्या वायूची बारीकशी फुंकर मारायची. इथे फुंकर, काही नाही. तिथे फुंकर, काही नाही. तिसऱ्या जोडावर फुंकर मारली आणि काही क्षणांत पडद्यावर रेघ उसळली! सापडलं. मात्र नुसत्या ६९ वर विश्वास ठेवू नये. यंत्र ट्यून करायला पीएफटीबीए नावाचं एक द्रव आतच ठेवलेलं असतं आणि त्याची सगळ्यात मोठी रेघही ६९ लाच येते. त्याची झडप गळत असेल तर तुम्ही बाहेर शोधत बसाल आणि चोर घरातच असेल. म्हणून ८३.

बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तो फेरूल. कॉलमची नळी यंत्रात जिथे शिरते तिथे नटाखाली एक छोटासा शंकू बसवतात, तो फेरूल. व्हेस्पेल आणि ग्रॅफाइटच्या मिश्रणाचा. नवा बसवला की घट्ट बसतो, पण ओव्हन दोन-चारदा तापून थंड झालं की तो आकसतो. नट आपोआप सैल होतो आणि डोळ्यांना न दिसणारी फट पडते. म्हणून नवा फेरूल बसवला की काही रननंतर, म्हणजे काही नमुने चालवून झाल्यावर, नट पुन्हा थोडा आवळायचा. थोडाच. जोर केला तर नळी तुटते, मग वेगळंच रामायण.

आता पाण्याचं पाहू, कारण पाण्याची गोष्ट हवेपेक्षा विलक्षण आहे. निर्वातातली तार हळूहळू झिजते हे समजू शकतं. पण आत थोडंसं पाणी असलं तर ती फार वेगाने झिजते, आणि पाणी मात्र संपत नाही! हे कसं? जनरल इलेक्ट्रिकमध्ये दिव्यांवर काम करणाऱ्या आयर्विंग लँगम्यूरने याचा उलगडा केला. पाण्याचा रेणू तापलेल्या तारेवर आदळतो आणि फुटतो. ऑक्सिजन टंगस्टनला पकडून ऑक्साइड बनवतो. ते ऑक्साइड तारेवरून उडतं आणि गार भिंतीवर जाऊन बसतं. सुटलेला हायड्रोजन भिंतीवरच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेतो. पुन्हा पाणी तयार, टंगस्टन मात्र भिंतीवरच. ते पाणी परत तारेकडे निघालं. एकच रेणू पुन्हा पुन्हा येऊन तारेतला धातू भिंतीवर नेऊन टाकत राहतो. जुने बल्ब आतून काळे पडायचे, त्यामागे हाही एक उद्योग होता.

म्हणून सोर्स, म्हणजे रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो ती आतली डबी, साफ करून यंत्र पुन्हा मिटवलं की लगेच फिलामेंट पेटवू नये. यंत्र उघडलं की आतल्या धातूच्या भिंतींवर हवेतलं बाष्प चिकटतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. ते सुटायला तास न् तास लागतात. पंप रात्रभर चालू ठेवायचा, सोर्स तापवून ठेवायचा आणि सकाळी १८ ची रेघ खाली आली का ते पाहायचं. ज्यांना घाई असते त्यांच्या फिलामेंट महिन्यात जातात आणि मग ते कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

पण हीच १८ ची रेघ एका ठिकाणी साऱ्या देशाला आनंद देऊन गेली. १४ नोव्हेंबर २००८. चांद्रयान-१ पासून सुटलेला मून इम्पॅक्ट प्रोब चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे कोसळत होता. सुमारे पंचवीस मिनिटांचा प्रवास. त्यात ‘चेस’ नावाचं एक लहानसं मास स्पेक्ट्रोमीटर होतं. त्यातही तापलेली तार, तिच्यातून निघणारे इलेक्ट्रॉन, सगळं आपल्या जीसी-एमएससारखंच. पडता पडता त्याने चंद्राजवळच्या अतिविरळ वायूंचे शेकडो वर्णपट घेतले, आणि त्यांत ठळक होत्या १८ आणि ४४. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. प्रयोगशाळेत जी रेघ दिसली की कपाळाला हात लावतात, ती तिथे बातमी होती. आणि ती तार बिघडली असती तर बदलायला कुणी जाणार नव्हतं.

परत मिरचीकडे. हवा नाही, पाणी नाही, तरी तार जाते? मग द्रावकाकडे बघा. एक मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल आपल्याला थेंबाचा कणही वाटत नाही. पण वाफ झाल्यावर ते शेकडो पट फुगतं आणि कॉलममधून सगळ्यात आधी तेच बाहेर येतं, एकदम, लोंढ्याने. त्या क्षणी फिलामेंट पेटलेली असेल तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं तिला बंद ठेवतात. याला सॉल्व्हंट डिले म्हणतात. ही वेळ एकदा ठरवली की लोक विसरतात. मग कधी कॉलम बदलला, कधी हेलियमचा वेग बदलला, कधी द्रावक बदललं, की लोंढ्याची वेळ सरकते. प्रोग्राम मात्र जुन्याच वेळेला तार पेटवतो. ही चूक शोधायला ना स्क्रूड्रायव्हर लागतो ना मीटर. फक्त रनची सुरुवात डोळे उघडून पाहावी लागते.

आणि मिरचीचा अर्क म्हणजे काही स्वच्छ पाणी नव्हे. त्यात तेल आहे, लाल रंग आहे, कॅप्सेसिन आहे. अर्क कितीही गाळला तरी यातलं थोडं सोर्सच्या आतल्या पृष्ठभागांवर बसतंच. पापुद्रा साचतो, त्यावर भार अडकतो, आयन भलतीकडे वळतात. ट्यूनमध्ये पीएफटीबीएच्या ६९, २१९ आणि ५०२ या तीन रेघा पाहतात. त्यांतली ५०२ ची, जड रेघ खचायला लागली की बहुधा सोर्स घाण झालाय. अशा वेळी फिलामेंट बदलली तर पैसे वाया. सोर्स काढा, अ‍ॅल्युमिनाच्या बारीक पुडीने चकचकीत घासा, द्रावकांत धुवा, वाळवा. आणि हातमोजे घाला! बोटाच्या एका ठशातली चरबी दिवसेंदिवस पडद्यावर दिसत राहते.

सगळ्यात फसवं दुखणं मात्र वेगळंच असतं. फिलामेंट पेटलेली. एमिशनचा आकडा अगदी बरोबर. आणि सिग्नल? जवळजवळ शून्य. हे कसं शक्य आहे? तार किती इलेक्ट्रॉन सोडते ते यंत्र मोजतं आणि आकडा कायम राहावा म्हणून तारेचा प्रवाह आपणहून कमीजास्त करत राहतं. पण त्यांतले किती इलेक्ट्रॉन समोरच्या बारीक छिद्रातून आत गेले, हे अनेक यंत्रांत त्या आकड्यावरून कळत नाही. तार तापून तापून मधोमध खाली झुकली, किंवा बसवताना केसभर तिरकी बसली, तर इलेक्ट्रॉन छिद्राऐवजी भिंतीवर आदळतात. आकडा खूश, माणूस हैराण. अशा वेळी सोर्स उघडून भिंगातून पाहायचं. चांगली तार छिद्रासमोर सरळ आणि एकसारखी दिसते. थकलेल्या तारेला मधेच पोक आलेला असतो, एखादी जागा बारीक झालेली असते. हवेने मारलेल्या तारेभोवती पिवळसर, निळसर पूड दिसते, ते टंगस्टनचं ऑक्साइड. नुसत्या म्हातारपणाने गेलेल्या तारेजवळ अशी पूड नसते. तिथे बाजूच्या पांढऱ्या सिरॅमिकवर धातूचा आरसा चढलेला असतो. या आरशातूनही वीज वाहू शकते. मग तार गार असतानाही यंत्राला एमिशन असल्याचा भास होतो. मल्टीमीटर लावला की उलगडा होतो: तारेच्या दोन टोकांत एक ओहमच्या आसपास रोध आला तर ती जोडलेली आहे, काटा हललाच नाही तर तुटली. आणि तारेपासून सोर्सच्या धातूपर्यंत काही रोध दिसलाच, तर मधे काहीतरी चिकटलंय.

ती बारीक झालेली जागा हा तर एक स्वतंत्र चमत्कार. तारेवर कुठेतरी किंचित पातळ ठिकाण असतं. तिथे रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त. उष्णता जास्त म्हणून धातू तिथूनच जास्त उडतो. उडाला म्हणून ती जागा आणखी पातळ, आणखी तप्त. अख्खी तार धडधाकट असते आणि एकाच बिंदूपाशी हे चक्र तिला संपवतं. त्याआधी एक खूण मिळते. तार झिजत गेली की तेवढ्याच तापमानाला कमी प्रवाह पुरतो. म्हणून जी प्रयोगशाळा रोजच्या ट्यूनमधला फिलामेंटचा प्रवाह वहीत लिहून ठेवते, तिला तारेचा शेवट आधीच दिसू लागतो.

टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, सगळ्या धातूंत जास्त. मग ऱ्हेनियम कशाला वापरायचा? तो तर ३१८६ लाच वितळतो, आणि दुर्मीळही आहे. १९२५ मध्ये जर्मनीत सापडला, ऱ्हाइन नदीवरून नाव मिळालं. कारण असं, की टंगस्टन तापून तापून ठिसूळ होतो. आतले स्फटिक मोठे होतात आणि सेंद्रिय वाफांतला कार्बन घेऊन त्याचं कार्बाइड बनतं. ऱ्हेनियम कार्बाइड बनवत नाही आणि लवचीक राहतो. मिरचीसारख्या तेलकट अर्कांच्या रोजच्या माऱ्याला त्याचा हा स्वभाव उपयोगी पडतो. हवा लागली तर मात्र तोही टिकत नाही, त्याचं ऑक्साइड फार सहज उडतं.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ऱ्हेनियमचा आणखी वेगळा उपयोग होतो. तिथे युरेनियमच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजायला थर्मल आयनायझेशन मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात, आणि अशी यंत्रं त्या केंद्राने स्वतः बांधलीही आहेत. त्यात नमुन्याचा सूक्ष्म थेंब थेट ऱ्हेनियमच्या पट्टीवर ठेवून वाळवतात. पट्टी तापली की नमुना तिथूनच उडतो आणि तापलेल्या धातूवरच आयन बनतो. इलेक्ट्रॉनचा मारा नाहीच. मिरचीच्या यंत्रात नमुना तारेला चुकून लागू नये म्हणून धडपड, आणि इथे नमुना तारेवरच बसलेला.

तर गळती सापडली, फेरूल बदलला, सोर्स घासला, नवी तार छिद्रासमोर सरळ बसवली, रात्रभर पंप चालला. सकाळी १८ आणि २८ खाली आले, ट्यून झालं, ५०२ पुन्हा उंच झाली. आता कालच्या नमुन्यांचं काय? तार मरायच्या बेतात असताना जे रन झाले त्यांचे आकडे धरता येत नाहीत, कारण सिग्नल कधीपासून घसरायला लागला हे नुसत्या नमुन्यावरून कळत नाही. म्हणून दर काही नमुन्यांमागे ज्ञात प्रमाणाचं द्रावण घालून ठेवतात. शेवटचं द्रावण कुठे बरोबर आलं ते पाहायचं आणि त्याच्या पुढचं सगळं पुन्हा चालवायचं. मिरची पुन्हा दळायची गरज नाही. कुपीत मिलिलिटरभर अर्क आहे, त्यातला एकच मायक्रोलिटर गेलाय. टोपी बदलायची, ट्रेमध्ये ठेवायची आणि रन सुरू करायचा. सॉल्व्हंट डिले तेवढा एकदा तपासून.